चार बोटांची चूल

लंकाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते संक्रांतीच्या तोंडावर, आणि ओवा खाऊन थांबणारं ते दुखणं नव्हतं. लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर अकोल्याला राहून ती कोल्हारच्या स्टँडवर उतरली, तर पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो तो एकच विचारत होता. आक्का, धाकल्या जाऊबाईंचा फोटो पेपरात आलाय, पाह्यला का?

घरी आली तर नवऱ्यानं, म्हणजे रंगनाथनं, तो फोटो कापून देवघराशेजारच्या आरशात खोवून ठेवला होता. रंगनाथ साधा माणूस. त्याला वाटलं बायको खूश होईल. फोटोत तिची धाकटी जाऊ कडूबाई डोक्यावर पदर घेऊन एका चुलीशेजारी बसली होती आणि सगळे दात दाखवून हसत होती. खाली छापलं होतं, चुलीच्या कारागीर कडूबाई, कोल्हार. रंगनाथ म्हणाला, आपल्या घराचं नाव झालं. लंकाबाई म्हणाली, घराचं नाही, तिचं झालं. मग तिनं पिशवीतले डिंकाचे लाडू काढले आणि त्याला न देता डब्यात भरून वर फळीवर ठेवून दिले.

झालं होतं ते असं. बौद्धवस्तीतल्या भीमराज मास्तरांची मुलगी प्रज्ञा नगरला शाळेत चित्रकला शिकवत होती. तिनं आणि तिच्या चार मित्रमंडळींनी नगरबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात संग्रहालय काढलं होतं. गावोगावच्या जुन्या वस्तू आणायच्या, मोडक्याचं नवं करायचं, काही म्हणून फेकायचं नाही असा त्यांचा बेत. तिथं त्यांना एक चूल घालून हवी होती, खरोखर पेटणारी. प्रज्ञा जीप घेऊन कोल्हारला आली आणि विचारू लागली की इथं सगळ्यात चांगली चूल कोण घालतं. शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, लंकाआक्का. पण लंकाआक्का तेव्हा अकोल्यात लेकीसाठी डिंक तळत होती. मग कडूबाई जीपमध्ये बसली आणि गेली.

कुणी म्हणेल, यात एवढं जळण्यासारखं काय? त्यानं एकदा लंकाबाईच्या जागी उभं राहून पाहावं. कडूबाई या घरात धाकट्या श्रीमंतची बायको होऊन आली तेव्हा तिला धड शेण कालवता येत नव्हतं. माती कुठली घ्यायची ते लंकानं शिकवलं. प्रवरेच्या काठची, नदी वळते तिथली, आणि वरची नव्हे तर हातभर खोल गेल्यावर लागते ती. त्यात गव्हाचा भुसा किती, स्टँडवरच्या टांग्याच्या घोड्याची लीद किती, रात्रभर भिजवून सकाळी पायानं किती तुडवायची, हे सगळं तिनं शिकवलं. आणि वैल. चुलीच्या बगलेला दुसरं भांडं ठेवायला जी जागा असते ती वैल बहुतेक बाया नुसती नावाला घालतात. लंकाच्या चुलीत आतून असं तिरकं भोक असायचं की पुढं भाकरी भाजावी आणि मागं त्याच जाळावर कालवण आपोआप शिजावं. पुढं भाऊ वेगळे निघाले. सासूबाई, मनकर्णाबाई, उंबऱ्यात बसून रडल्या. तेव्हाही कडूचा हात धरून तिची वेगळी चूल लंकानंच घालून दिली होती. घर फुटल्याचं दुःख तिला होतंच, पण चूल तेवढी चांगली झाली पाहिजे असंही वाटत होतं.

आणि आता नाव कडूचं. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात ते खोटं नव्हे, पण या दोघींत आजवर तसं काही नव्हतं. असलंच तर ते एका बाजूनं, आणि तेही पदराखाली झाकलेलं.

पदराखाली झाकलेलं लंकाबाईचं आणखी एक होतं. तिच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी माहेरी कडबा तोडायच्या यंत्रात गेली. लग्नात बोहल्यावर उभी राहिली ती हात पदराखाली घेऊन, आणि ती सवय राहिली ती राहिलीच.

संक्रांतीला कडूबाई तिळगूळ घेऊन आली. म्हणाली, आक्का, तुम्ही गावात असत्या तर तुम्हीच गेल्या असत्या. ती खरं तेच सांगत होती. पण जळणाऱ्याला समजूत घातलेली आणखी झोंबते. लंकाबाईनं तिळगूळ खाल्ला, गोड बोलणं मात्र काही जमलं नाही. घशात अडकल्यासारखं करून ती पाणी प्यायला आत गेली आणि कडू जाईपर्यंत बाहेर आली नाही.

माघ महिन्यात महिला मंडळाच्या बनुबाईनं सहल काढली. नगरला जाऊन आपल्या कडूची चूल बघायची. लंकाबाई आधी म्हणाली, माझे गुडघे दुखतात. मग दोन दिवस तिनं विचार केला, आणि गुडघे बरे झाले. रंगनाथ जेवायला बसला असताना ती त्याला म्हणाली, "समद्या बायांदेखत सांगनार हाय मी, ती चूल कुनाची ते. त्या पाटीवर माजं नाव लिवायला लावीन. न्हाईतर ह्या जल्मात कडूच्या हातचा च्या पिनार न्हाई."

रंगनाथनं भाकरी मोडता मोडता विचारलं की पाटीवर नाव लिहिल्यानं चूल जास्त पेटते का. त्या दिवशी त्याला दुसरी भाकरी मागून घ्यावी लागली.

एसटीत लंकाबाई मुद्दाम पुढं बसली आणि कडूबाई मागं. राहुरी येईपर्यंत मागून बायांचं हसणं ऐकू येत होतं. कडू काहीतरी सांगत होती, जीपमध्ये बसल्याचं असावं. लंकाबाई खिडकीतून ऊस बघत होती आणि सभेत उठून बोलणाऱ्या माणसासारखं आपलं वाक्य मनात घोळवत होती. ही चूल माझी आहे. हिनं नुसते हात लावले. की आधी हिला कुणी शिकवलं ते विचारावं, आणि मग सांगावं? तिला दुसरं बरं वाटलं.

संग्रहालय बाहेरून काही फार दिसण्यासारखं नव्हतं. दार मात्र पाच-सात गावच्या पडलेल्या घरांच्या दारांचं जोडून केलेलं, एक फळी निळी, एक नुसती काळी, एकीवर अजून कुणाच्या तरी घरचं शुभलाभ. जमिनीत फुटक्या बांगड्यांच्या काचा बसवून वेलबुट्टी काढली होती. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून अंगणाखालच्या टाक्यात जायचं आणि उन्हाळाभर तेच वापरायचे. प्रज्ञा हिंडून दाखवत होती. चामड्याची मोट. अकोल्याकडचं पानांचं इरलं. ठिगळांवर ठिगळं लावून मूळ कापडच न उरलेलं घोंगडं. प्रत्येकाशेजारी पाटी, आणि पाटीवर ते कुणी केलं त्याचं नाव. ती म्हणाली की ह्या वस्तू करणाऱ्यांची नावं आजवर कुणी विचारलीच नाहीत, आपण विचारायची. आणि एक बघा, ह्यातलं काही फुटलं तरी वाया जात नाही. मातीतून आलं, माणसाच्या हाताखालून गेलं, परत मातीत गेलं.

"म्हंजी आमचंच परडं हाय की," बनुबाई म्हणाली. "तिकीट लावून दाखिवत्याती."

सगळ्या हसल्या. लंकाबाई हसली नाही, कारण तिला समोर एक तांब्याचं घंगाळ दिसलं होतं. अगदी तसंच घंगाळ तिच्याकडं होतं, सासूबाईंचं. गेल्या दिवाळीत तिनं ते भांडीवालीला दिलं आणि त्यावर दोन प्लॅस्टिकचे टब घेतले. त्यातला एक उन्हानं तडकलाही. इथं घंगाळ चकचकीत घासून चौथऱ्यावर ठेवलं होतं आणि बाया त्याला हात लावून बघत होत्या. जळायला एक कडू पुरेशी होती, त्यात आता हे घंगाळ आलं. मी काय काय घालवून बसले असा विचार तिच्या मनात आला, पण तो तिनं फार वेळ टिकू दिला नाही. आज ती दुसऱ्या कामासाठी आली होती.

चूल शेवटच्या खोलीत होती. सारवलेली जमीन, वर धूर जायला कौलात जागा, आणि मधोमध चूल. लंकाबाईनं ती दारातूनच पाहिली. चांगली होती. वाईट असती तर किती बरं झालं असतं! तोंड नीट गोल, भांडं टेकायचे तिन्ही उंचवटे एका पातळीत, वैलेचा काठ बोट फिरवावं असा गुळगुळीत. तिनं जवळ जाऊन, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून चूक शोधली. एवढ्या बारकाईनं तिनं लेकीसाठी स्थळ पाहतानाही काही शोधलं नव्हतं. सापडली नाही.

शेजारी पाटी होती. चूल, घालणारी कडूबाई, कोल्हार.

प्रज्ञा बायांना वैल दाखवत होती. एका जाळावर दोन भांडी, एका काटकीत दोन कामं. याला आता शहरात मोठमोठी नावं देतात, ती म्हणाली, पण आपल्या बायकांनी ते कधीच करून ठेवलंय. माझं वाक्य आहे ते, लंकाबाईला वाटलं. वैलेचं भोक माझं आहे. तिनं घसा साफ केला. तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, आता आपण चहा करू, कडूमावशी, तुम्हीच पेटवा.

लंकाबाई थांबली. तिला एकदम एक आशा दिसली. तिनं डोळे मिटले आणि कोल्हारच्या भगवतीआईला हात जोडले, अर्थात पदराखाली. आई, एवढा एक धूर होऊ दे. जास्त नको, बायांच्या डोळ्यांत पाणी येईल एवढाच. मग मी सांगते की मला बोलावलं असतं तर असं झालं नसतं. नवरात्रात तुझी ओटी भरते.

कडूबाईनं काटक्या रचल्या, काडी लावली, फुंकणी घेतली. एकदाच फुंकर घातली. जाळ सरळ आत गेला, तिरका वळला आणि वैलेतून जिभेएवढा बाहेर आला. धूर नाही. पुढं पातेल्यातला चहा आणि मागं दूध, दोन्ही एकदमच तापायला लागलं. बाया वा म्हणाल्या. लंकाबाईच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या, आणि दोन्हींचा तिला राग आला. एक म्हणजे भगवतीनं ऐकलं नाही. दुसरी म्हणजे, मी किती चांगलं शिकवलंय.

"लंकामावशी," प्रज्ञा म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचं राहिलंय. मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलंय."

चुलीच्या डाव्या बाजूला, ओल्या मातीत उमटवलेला हाताचा पंजा होता. चूल घालून झाली की घालणारीनं तो उमटवायचा, ही कोल्हारची रीत. प्रज्ञानं त्याच्यावर बोट ठेवलं. पंजाला अंगठा होता आणि तीन बोटं होती. करंगळीच्या जागी नुसती सपाट माती.

"इथं चारच बोटं का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. कडूमावशींना विचारलं तर म्हणाल्या, ते आक्कांना विचारा, त्यांनी शिकवलंय. म्हणून पाटीवर खाली जागा मोकळी सोडलीय."

"आमी बी समद्या करंगळी दुमडतो की," बनुबाई म्हणाली. "कडूनंच सांगितलं आमाला. पर का दुमडायची ते आक्का जानं."

आणि मग लंकाबाईला ते आठवलं. इतकी वर्षं कधी आठवलं नव्हतं. ती नवी नवरी असताना तिनं या घरात पहिली चूल घातली होती, पंजा उमटवला होता, आणि गल्लीतली एक म्हातारी हसून म्हणाली होती, रंगनाथाच्या बायकोची चूल थोटी. महिनाभर गल्लीत ते चाललं. ती रात्र रात्र रडली. म्हणून कडू नवरी होऊन आली आणि पहिल्यांदा चूल घालायला बसली, तेव्हा तिनं काही विचारायच्या आतच लंकानं ठोकून दिलं होतं की करंगळी दुमडून घे, करंगळी लावली की जाळ रुसतो. पंधरा वर्षांची पोर. तिनं मान डोलावली आणि करंगळी दुमडली. आणि मग कडूनं शिकवलं म्हणून बनुनं दुमडली, बनुचं पाहून सगळ्या गल्लीनं.

म्हणजे हा पंजा तिचा होता. पाटीवर कुणाचं का नाव असेना, मातीत हात तिचा होता. याहून मोठा पुरावा काय हवा! नुसता पदराखालचा हात बाहेर काढायचा, त्या पंजावर ठेवायचा आणि म्हणायचं, बघा. बसतो की नाही? जाळ कशाला रुसतोय, मी हिला फसवलं आणि ही खुळी आयुष्यभर बोट दुमडत बसली. नाव तिथल्या तिथं बदललं असतं. आणि बनुबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा उद्या गिरणीवर, परवा बाजारात, सगळं कोल्हार कडूला हसलं असतं. मरेपर्यंत हसलं असतं.

लंकाबाईचा हात पदराखाली हलला सुद्धा.

कडूबाई चुलीपाशी उकिडवी बसून काटकी आत सारत होती. तिनं मान वर केली नाही. काटकी धरलेल्या हाताची तिची करंगळी दुमडलेली होती, सवयीनं. ते पाहून लंकाबाईला म्हातारीचं हसणं आठवलं, आणि तसलं हसणं कडूच्या वाट्याला आणायला ती धजली नाही.

"करंगळी लावली का जाळ रुसतो," ती मोठ्यानं म्हणाली. "आमच्या सासूबाईंच्या आधीपासनं हाय हे."

प्रज्ञानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, सांगणारी म्हणून खाली तुमचं नाव घालू का? त्यावर लंकाबाईनं जे उत्तर दिलं ते ऐकून रंगनाथला चक्करच आली असती. ती म्हणाली, "कशाला? चूल कडूनं घातलीया. तिचंच ऱ्हाऊ द्या."

असं म्हणताना तिला फार बरं वाटलं. जीव हलका झाला, हे खरं. पण त्याहून खरं हे की आज पहिल्यांदा ती कडूला वरचढ ठरली होती. कडूची लाज तिनं राखली होती आणि कडूला त्याचा पत्ताही नव्हता. फोटो असेल कडूचा, मन मोठं कुणाचं? तिनं कडूच्या हातचा चहा घेतला, बशीत ओतून, ऐटीत फुर्र करून प्यायली आणि आणखी मागितला.

परतताना बनुबाईनंच दोघींना एका बाकावर बसवलं. लंकाबाईनं खिडकी कडूला दिली. दिवसभर उदार झालेल्या माणसाला थांबता येत नाही. नगर मागं पडलं, ऊन उतरलं, बाया डुलक्या घेऊ लागल्या. लंकाबाई मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तो प्रसंग पाहत होती आणि दर वेळी स्वतःला थोडी आणखी आवडत होती.

राहुरी गेल्यावर कडूबाई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "आक्का, आज तुमी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"जाळबिळ काय रुसत न्हाई ते."

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिशी. सासूबाईंनी सांगितलं हुतं, तुमच्या चुलीला समदे थोटी म्हन्ले म्हनून. लई रडला म्हनं तुमी." कडूबाई अजून बाहेरच बघत होती. "मग मी म्हन्लं, एकच थोटी असली का दिसती. समद्याच करून टाकू. बनुला शिकिवलं, तिच्या नंदंला शिकिवलं. आता हाय का कोल्हारात पाच बोटांची एक तरी चूल?"

नव्हती. लंकाबाई सगळ्या गल्ल्या मनानं हिंडून आली. एकही नव्हती.

तिचे डोळे भरले, आणि त्यातच तिच्या पोटात पुन्हा तेच ओळखीचं दुखणं उठलं. मन मोठं करायची आयुष्यात एकदा संधी आली होती, आणि तिथंही ही बया कितीतरी वर्षं आधी जाऊन बसली होती. फोटो नाही, पाटी नाही, गाजावाजा नाही. घरोघर चुली थोट्या करत सुटली, आणि मी हिला खुळी समजत होते. चहा फुर्र करून प्याल्याचं आठवून तर लंकाबाईला कुठं तोंड लपवावं असं झालं.

काहीतरी बोलायला हवं होतं. कोल्हारचा पूल दिसायला लागला, खाली प्रवरेत वळणावरची ओली माती काळी दिसत होती. तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि पुढच्या बाकाच्या दांडीवर, सगळ्यांना दिसेल असा, ठेवला.

"वैलेचं भोक जरा खालीच घेतलंस तू," ती म्हणाली. "पुढच्या येळंला वर घे."

कडूबाईनं त्या हाताकडं पाहिलं आणि मान डोलावली, पंधराव्या वर्षी डोलावली होती तशी.

"व्हय आक्का," ती म्हणाली. "चुकलंच."

भोक अगदी बरोबर होतं. ते दोघींनाही माहीत होतं.